सोमवारचा पिवळा दिवा

सोमवार, ९ सप्टेंबर

उभ्या गाडीची बॅटरी, चार्जर लावलेला असताना, कमी कशी होते? मला माहीत नाही. बी. कॉम.ला हे नव्हतं.

गाडी आमच्या मालकांची, केतुलभाईंची. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी स्पोर्ट्स कार. ते धाकट्या मुलाकडे कॅनडाला गेलेत, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आधी येतील. तोवर गाडी पांडेसऱ्यात आमच्या मिलच्या मागच्या गोदामात, कापडाच्या ताग्यांशेजारी, कव्हर घालून उभी. जाताना मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "चैतालीबेन, मिल तो चालशे. गाडी तमारे जोवानी." ऑफिसात माझ्याहून जुनी माणसं असताना गाडी मी सांभाळायची!

बॅटरी काढून ठेवायची नाही, कारण मग गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि पुढचं झाकणही उघडत नाही. म्हणून भिंतीच्या पॉइंटवर छोटा चार्जर कायम लावलेला. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरलेली. पिवळा म्हणजे भरतेय. लाल म्हणजे पूर्ण उतरली.

आज सकाळी पिवळा होता. दुपारी हिरवा झाला.

म्हणजे रविवारच्या सुट्टीत कोणीतरी गाडी चालू केली होती.

मंगळवार, १० सप्टेंबर

माल चढवणारे सोडले तर गोदामात आम्ही तिघंच जातो. मी. आप्पा — माझे वडील. आधी डाइंगच्या, कापड रंगवायच्या मशीनवर होते, दम लागायला लागल्यापासून गोदाम उघडणं-बंद करणं त्यांच्याकडे. आणि ड्रायव्हर संदीप. गाडीची एक चावी त्याच्याकडे असते, कारण एकाच जागी उभी राहून टायर बसू नयेत म्हणून तो ती अधूनमधून मागेपुढे ढकलतो. गोदामाची जादा किल्लीही त्याच्याकडे. आणि तो राहतो मिलच्याच आवारात, बायकोबरोबर, गेटजवळच्या रूममध्ये.

गेटवरचा वॉचमन सोडला तर रविवारी आवारात दुसरं असतं कोण?

सोमवार, १६ सप्टेंबर

पुन्हा पिवळा.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आठवडाभर हिरवा. फक्त सोमवारी पिवळा. एवढं स्पष्ट असताना आणखी काय हवं?

संध्याकाळी घरी आप्पांना सहज विचारलं, रविवारी गोदामात कोणी येतं का? ते भाकरी मोडत म्हणाले, "कोन येस तठे? मी सोता कुलूप लावस." मग माझ्याकडे बघून, "काय व्हयनं?" मी म्हटलं, काही नाही. चार्जर, कॉम्प्युटर वगैरे त्यांना कुठे समजावत बसू.

सोमवार, ३० सप्टेंबर

पिवळा. कव्हरचं इलास्टिक मागच्या बाजूला पिळलेलं होतं. शनिवारी नव्हतं — निदान मला तसं आठवतंय.

संदीपला विचारलं. बोनेटवर फडकं फिरवत होता. म्हणाला, "मॅडम, ही गाडी चालू केली ना, तर पलीकडे उधन्यापर्यंत ऐकू जाईल. लपून करण्यासारखं काम आहे का?" हसला. बरोबर बोलतो म्हणून जास्त संशय येतो. उत्तर इतकं तयार कसं?

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. मशीनना, गाड्यांना हार. उज्ज्वलाने — संदीपच्या बायकोने — मोबाइलवर स्टेटसला फोटो ठेवलाय. ती पिवळ्याधमक गाडीला टेकून उभी, कव्हर काढलेलं, दार उघडं. सातवा महिना लागलाय तिला, पोट चांगलंच दिसतंय.

दार उघडं! दार उघडलं की आतले दिवे लागतात, बॅटरी जाते. तो फोटो मी माझ्याकडे ठेवून घेतला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

संदीपला फोटो दाखवला. आधी गोरामोरा झाला, मग चिडला. "बायकोला एक फोटो काढून दिला. गाडी खाल्ली का तिने?"

मी म्हटलं, मालकाची वस्तू आहे.

तो म्हणाला, "मालकाने आम्हालाच सांभाळायला दिलीय ना? तुम्ही पण आमच्यातल्याच, मॅडम. मिलच्याच चाळीतल्या. एवढं काय."

हेच मला नको असतं. आमच्यातल्या म्हणून झाकायचं, गावाकडच्या म्हणून गप्प बसायचं. आपली माणसं मागे राहतात ती ह्याच्यामुळे. घरात पहिली ग्रॅज्युएट झाले ती असल्या गोष्टींकडे डोळेझाक करायला नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पिवळा. परवापासून मिलला दिवाळीची सुट्टी. सगळं पांडेसरा रिकामं होणार, आम्हीही गावी, धरणगावला. संदीप जाणार नाही. उज्ज्वलाला एवढा प्रवास झेपणार नाही म्हणतो.

सुट्टीभर तो एकटा, आणि गाडी.

सोमवार, १८ नोव्हेंबर

लाल.

चावीचं बटण दाबलं, गाडीने आवाजसुद्धा केला नाही. मेलेल्या जनावरासारखी. शोरूमचा माणूस बोलावला. त्याने बाहेरून दुसरी बॅटरी जोडून पुढचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "ही गेली, बेन. नवीनच घालावी लागेल. बरेच दिवस चार्ज मिळालेला दिसत नाही."

चार्ज मिळाला नाही कसा? चार्जर जागेवर होता. मी स्वतः लावून गेले होते. कोणीतरी काढला, गाडी फिरवली, आणि मी यायच्या आधी परत लावला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

केतुलभाईंना सगळं लिहून पाठवलं. सोमवारचा पिवळा दिवा, कव्हर, फोटो. संदीपचं नाव एकदा पुसलं. मग लिहिलं. खरं आहे ते लिहायला घाबरायचं कशाला?

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

संदीपला काढलं. रूम आजच खाली करायला सांगितली. टेम्पोत गादी, कुलर, गॅसची शेगडी चढवत होता. माझ्यासमोर येऊन थांबला, पण ओरडला नाही. "ताई, मी गाडीत बसलो असतो तर सांगितलं असतं. बायकोला बसवलं असतं तर तेही सांगितलं असतं." पहिल्यांदाच मॅडम नाही म्हणाला.

ते लोक डिंडोलीला तिच्या भावाकडे गेले म्हणे.

संध्याकाळी केतुलभाईंचा फोन. मला शाबासकी. आणि म्हणाले, गेटजवळची रूम आता हिलालभाईंना, म्हणजे आप्पांना द्या, तुमच्या बापूजींना रोज चालत यायला त्रास होतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

राहायला आलो. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास. आईने — जिने आयुष्यभर चाळीच्या नळावर रांग लावली — नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिली. बंदच करेना. आप्पा पायरीवर बसून म्हणाले, "आते दम लागत नई."

मला आनंद झाला. लिहायलाच हवं, झाला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पिवळा.

नवी बॅटरी आहे. नव्या बॅटरीला भरायला वेळ लागत असेल.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शोरूमला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "बसवली तेव्हाच पूर्ण भरलेली होती, बेन."

मग रविवारी गोदामात गेलं कोण? संदीपने किल्ली परत दिली, पण दुसरी करून घेतली असेल. गेटच्या वॉचमनला विचारलं. म्हणाला, चिटपाखरूही फिरकलं नाही. त्याच्यावर तरी विश्वास ठेवू का? आता मला सगळेच खोटं बोलताना दिसतात. काल मी कुलूप हातात घेऊन बघत होते, ओरखडे आहेत का.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ठरवून गोदामाजवळ थांबले. आता आवारातच राहते, कोणाला वावगं वाटत नाही.

शेवटचा टेम्पो भरून गेला. आप्पांनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, ताग्यांवर प्लास्टिक ओढलं. मग बोर्डाकडे गेले आणि मेन स्विच खाली ओढला. शटर पाडलं. कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं.

चार्जरचा पॉइंटही त्याच बोर्डावरचा.

म्हटलं, आप्पा, मेन कशाला बंद केला?

"सुट्टीना आदला दिन मेन बंद करानाच." मी हे विचारावं ह्याचंच त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. ते मशीनवर असताना शेजारच्या मिलला सुट्टीच्या दिवशी आग लागली. वायर तापली होती, बघायला कोणी नव्हतं. तेव्हापासून शेवटी बाहेर पडणाऱ्याने मेन बंद करायचा आणि सुट्टी संपली की सगळ्यात आधी येऊन चालू करायचा. त्यांनी आजवर एकदाही चुकवलेलं नाही. दिवाळीतही नाही. गावाला जायच्या आधी हात जोडून मेन बंद केला होता म्हणाले.

मी दिवा, बॅटरी, सगळं सांगितलं. ते खाली बसले. मग फक्त, "संदीपले त्यानामुळे काढं?"

हो.

"माले काबर नई इचारं, बेटा?"

रविवार, १ डिसेंबर

सगळ्यांवर संशय घेतला. आप्पांवर नाही. पण त्यांना नीट विचारलंही नाही — त्यांना काय कळणार, असं धरून चालले. दोन्ही एकच का? की दुसरं जास्त वाईट?

केतुलभाईंना फोन केला. मेन आप्पा बंद करत होते, संदीपचं नाव मी घेतलं, चूक माझी. ते हसले. म्हणाले, हिलालभाई तर जुने माणूस, त्यांना काय बोलायचं. ड्रायव्हर मला लागेलच, संदीपला पाहिजे तर परत बोलवा. "पण रूम तो तमने आपी दीधी. ए हवे तमे जुओ."

रूम दिली ती दिली, पुढचं मी बघायचं — मालकाला ते एवढं सोपं.

आई ऐकत होती. म्हणाली, "नोकरी परत मिळते ना त्याला? मग झालं. रूम तो मागायला आलाय का?" आप्पा तोंड भिंतीकडे करून पडले होते. आई मला म्हणाली, "तुझ्या बापाला ह्या पायरीवर दम लागत नाही, ते बघ. तुझा खरेपणा आमच्याच जिवावर का?"

ती चूक नाही. उज्ज्वलाचे दिवस भरत आलेत, भावाच्या घरी ती गॅलरीत झोपते म्हणे. तीही चूक नाही.

सोमवार, २ डिसेंबर

पहाटे आप्पांनी उठून गाद्या स्वतःच बांधल्या. मला काही विचारलं नाही. मी डिंडोलीला जाऊन रूमची किल्ली संदीपच्या हातात दिली. त्याने ती घेतली, मला आत ये म्हणाला नाही. आम्ही चाळीत परत आलो. आई नळाच्या रांगेत उभी आहे, माझ्याशी बोलत नाही.