श्रावणातली दाढी

यवतमाळ
४ सप्टेंबर २०१८

प्रिय श्रेयस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा दुखतो आणि राग डॉक्टरांवर निघतो. महागावला शेतावर तुला साबुदाणा कोण भिजवून देत असेल, हा आईचा रोजचा प्रश्न. काल तिने उपासाची केळी माझ्यापुढे ठेवली आणि मी ताटावरून उठले. तिला वाटलं, माझं पोट बिघडलंय.

फोनवर दाढीचा विषय काढला की तू 'नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र, मास्कच्या खोक्यात घालून एसटीने पाठवतेय.

मी फवारणी करणाऱ्यांना मास्क लावायला शिकवते, यावरून तू मला 'नाकवाल्या बाई' म्हणतोस. म्हण बापडा. नुसत्या रुमालाने भागत नाही हे गेल्या वर्षी तुझ्यासारख्यांनी दवाखान्यात पडून दाखवलं, तेव्हापासून लोक मुकाट्याने येतात. मास्क लावायचा, पट्टे ओढायचे, मग मी केळ्याच्या इसेन्सचा बोळा तोंडाभोवती फिरवते. वास आला तर मास्क नीट बसलेला नाही, फवारणीचं विषारी औषधही तिथूनच आत शिरणार.

शुक्रवारी मुकुटबनला होते. श्रावण पाळणारे सगळे, दाढ्या वाढलेल्या. पट्टे कितीही ओढले तरी केसांमधून हवा आत येतेच. "येऊन राह्यला ना मॅडम, केळ्याचा वास," म्हणून हसत होते. शेवटी मागून एक म्हातारे काका पुढे आले. डोक्यावर टोपी, चेहरा गुळगुळीत. मी बोळा पुन्हा पुन्हा फिरवला. ते फक्त नकाराची मान हलवत राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना हात धरून सगळ्यांपुढे उभं केलं. म्हटलं, मास्क असा बसला पाहिजे, काकांकडून शिका.

कोणी हसेना. काकांनी मास्क काढला. मिशीच्या जागची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा उजळ होती.

"परवा पोराच्या दहाव्याले काढली, बाई," ते म्हणाले. "फवारतानी मास्क होता त्याच्यापाशी. दाढीवरूनच लावत होता. श्रावण होता ना त्याले."

त्यांनी मास्क माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसले. पुढचं मी काय शिकवलं, मला आठवत नाही.

तेव्हापासून केळ्याचा वास आला की ते मान हलवताना दिसतात. बसमध्ये दिसतात, आईच्या स्वयंपाकघरात दिसतात. मास्क काढतात, तर चेहरा बाबांचा असतो. मला भीती वाटते, श्रेयस.

गेल्या वर्षी दवाखान्यात तू आम्हाला ओळखत नव्हतास, तेव्हा आई महादेवाला नवस बोलली, पोरगा वाचला तर पुरता श्रावण पाळेल. तू तिच्यासाठी पाळतोस, हे मला कळतं. पण पोळ्याच्या आधी एक फवारा मारणार आहेस ना? त्या दाढीवर मास्क बसणार नाही. हे आईपुढे कसं बोलावं, समजत नव्हतं.

काल केळी टाकून उठले, तेव्हा बोलून टाकलं. काकांचंही सांगितलं.

आई बराच वेळ साबुदाणा निवडत राहिली. मग उठली, बाबांचं दाढीचं सामान आणलं आणि या खोक्यात ठेवलं. "नवस माह्या तोंडचा. देवाले काय सांगाचं ते मी पाहीन. त्याले म्हण, आजच काढ."

बाबांचा हात मिशीवर होता. मी खोकं बांधायला घेतलं तेव्हा म्हणाले, "मले काढायले लावू नको म्हण त्याले."

तुझी,
स्पृहाताई