झडप तेवढीच राहिली

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या. कारण पुढे येतंच आहे.) तब्येत कशी आहे? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. मामी गेल्याला वर्ष होत आलं, आणि तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही, हत्यारांची पेटीसुद्धा उघडत नाही, असं आईच्या कानावर आलंय. सख्खा भाऊ असा घुम्यासारखा बसलाय म्हणून ती रोज माझ्यावर चिडते. (तुमच्यावर चिडायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही.) आम्हा सगळ्यांना तुमची फार काळजी वाटते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही पत्र फाडाल.

तर, गाडी. देताना तुम्ही एकच अट घातली होती, इंजिनाला हात लावायचा नाही. आठ महिने मी ती पाळली. मग ऑफिसातल्या एका शहाण्याने माझ्या डोक्यात भरवलं, की जुन्या गाड्यांना श्वास पुरत नाही. थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा आत घेणारी ती ॲल्युमिनियमची नळी (कोणाला शिकवतोय मी!), आतून दोन मिलिमीटर मोठी केली, की पाय ठेवताच गाडी झेपावते म्हणे. मला ते इतकं पटलं, की रविवारी नळी खोलून जेवणाच्या टेबलावर घेतली आणि पॉलिश पेपरने घासायला बसलो. (कंबर तिथे धरली.) ही म्हणाली, आधी कोणाला विचारा तरी. मी तिच्याकडे, तुम्ही माझ्याकडे बघता तसं बघितलं. दोन तासांत नळीला नुसती चकाकी आली, म्हणून बाजारामागच्या लेथवाल्याकडे गेलो. पस्तीस वर्षं लेथवर काढलेले तुम्ही जसे अबोल, तसाच तोही. त्याने मुकाट्याने बावन्नचं चोपन्न करून दिलं आणि फक्त विचारलं, आतल्या हवा अडवणाऱ्या झडपेचं काय? मी ऐटीत सांगितलं, झडप उत्तम आहे, तिला हात लावू नका.

मामा, तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. चौकट मोठी केली आणि दार जुनंच लावलं! झडप पूर्ण मिटली तरी कडेने हवा आत येतच राहणार, हे मला भर रस्त्यात कळलं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडीला ते मान्यच नाही. मागे आई, दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे निघालेली. सिग्नलला इंजिन असं डरकाळ्या फोडायला लागलं, की शेजारच्या गाडीतल्या आजोबांना मी शर्यतीला बोलावतोय असं वाटलं आणि त्यांनी घाईघाईने काच वर केली. ब्रेक दाबून दाबून माझ्या पोटरीत गोळे आले. शेवटी दवाखान्याच्या दारात किल्ली फिरवून इंजिनच बंद केलं, आणि घरंगळत जाऊन एका कुंडीला टेकलो. आईची दाढ दुखायची थांबली होती. (भीतीने.) उतरल्यावर ती बॉनेटकडे बघत एवढंच म्हणाली, "दादा इथे असता, तर इंजिनाला टेकवलेला स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून काय बिघडलंय ते सांगितलं असतं त्याने." मला फार वाईट वाटलं, गाडीचं कमी आणि तुमचं जास्त.

तेव्हा शिव्या घालायला का होईना, पेटी घेऊन या. गाडी दारात उभी आहे, आणि इथे कोणालाही ती दुरुस्त करता येत नाही.

तुमची एकुलती एक अट मोडलेला,
भाचा

ता. क. ही मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, खरं लिहा. खरं असं, की लेथवाल्याने गेल्याच आठवड्यात चोपन्नची झडप करून बसवून दिली, आणि गाडी तुमच्या वेळेपेक्षाही सुरळीत चालायला लागली.

आणखी एक ता. क. आज सकाळी मी ती झडप काढून जुनी परत लावली. नवी तुमच्यासाठी कागदात गुंडाळून ठेवली आहे. आईची दुसरी दाढ शनिवारी काढायची आहे. दादाने गाडी नीट केल्याशिवाय मी जाणार नाही म्हणते, आणि गालाला रुमाल बांधून आतापासूनच फाटकाशी बसली आहे.