बाळंतिणींच्या रकान्यातली हिरवी खूण

२ ऑगस्ट १९८७
मिटिंगीत आज पुन्हा लाल खूण लावली. कामकाज एका नजरेत दिसावं म्हणून अध्यक्ष दिनकररावांनी ट्रस्टच्या दवाखान्यात मोठा फळा करून घेतलाय — दर वॉर्डाला, दर महिन्याला हिरवी नाहीतर लाल. लावायचं काम माझं, कारकुनाचं. बहुतेक बाळंतिणी सात दिवस राहिल्या तर हिरवी. पण बाया चौथ्या दिवशीच निघतात. पाचवी घरी पूजायची असते. त्या रात्री सटवाई लेकराचं नशीब लिहायला येते.

विश्वस्त तात्याराव म्हणाले, "सात दिवस कबूल करील तिलाच घ्या." ठरलं.

मला बोलायचं होतं. ठराव तेवढा लिहून घेतला.

६ सप्टेंबर
हिरवी! तात्यारावांनी पेढे मागवले.

वॉर्डात एकच बाळंतीण. बाकी खाटांवर गाद्या गुंडाळलेल्या. फळ्यावर हे दिसत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग मी खोटं बोलले का? पेढा कागदात गुंडाळून ठेवून दिला.

१३ सप्टेंबर
मनकर्णावहिनीचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला घरीच बाळंत झाली. पाचवीनंतर ताप चढला. परभणीला नेईपर्यंत डोळे फिरले होते. ती कशीबशी वाचली, लेकरू गेलं. या वेळी दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणते, "वन्सं, तुमच्याकडं सात दिवस कोंडतेत म्हनं. पाचवी चुकली तर कपाळी कोन लिहील?"

आई चुलीपासून म्हणाली, "लय शिकलीस. सटवाईला तुझा फळा वाचायला लाव."

वहिनी हसली. माझा हात धरून पोटावर ठेवला. बाळ लाथा मारायलंय.

४ ऑक्टोबर
बोलले.

म्हटलं, हिरवं आहे कारण कुणी येतच नाही. किती आल्या तेही शेजारी लावू द्या.

तात्याराव — "पोरी, तुला खुना लावायला ठेवलंय का आमाला शिकवायला?"

दिनकररावांनी चष्मा पुसला. "मंग त्या राहाव्या म्हनून काय करावं?"

"पाचवी वॉर्डातच पूजू द्या."

"दवाखान्यात पाटा-वरवंटा पूजायचा?" तात्याराव म्हणाले. सगळे हसले. दिनकरराव तेवढे हसले नाहीत. "घरात विचारतो," म्हणाले.

घरी आल्यावर आईला आणि वहिनीला सांगितलं.

९ ऑक्टोबर
दिनकररावांच्या पत्नी पार्वतीबाईंचा होकार आला. पाटा त्याच देणार. आई अजून तयार नाही.

१७ ऑक्टोबर
वहिनी बाळंत झाली, दवाखान्यात. मुलगी. जावळ काळंभोर. आईनं पार्वतीबाईंचा पाटा स्वतः पुन्हा धुतला, उलटासुलटा करून पाहिला. "चालतंय."

२२ ऑक्टोबर
काल वॉर्डात पाचवी झाली. आज सकाळी वहिनीला ताप चढला. मागच्यासारखाच. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीतून अनवाणीच धावत आल्या, लगेच इंजेक्शन दिलं. दुपारी घाम सुटून ताप उतरला, वहिनीनं चहा मागितला.

आईनं पाट्यावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळी लावलं.