एकविसावी वात

माय,

तुझ्या पणतूने पैज घेतली आहे. कचेरीतल्या चार कारकुनांनी मिळून ठरवलंय की सायकलवर बसायचं आणि आठ दिवसांत अमरावती-अचलपूरपासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या चर्चचे फोटो काढून आणायचे. जो एकही न चुकवता आणील, तो जिंकला. सायकल म्हणजे दोन चाकांची गाडी, तिला बैल लागत नाही. तू पाहिली असतीस तर म्हणाली असतीस, पडला म्हंजे समजन. अजून तरी पडला नाही. काल पहिला फोटो घेऊन आला, आपल्या इथल्या छावणीतल्या चर्चचा, आतून काढलेला. वेदीसमोर साखळीला टांगलेला तेलाचा दिवा जळतो आहे. तो कागद हातात घेतला आणि लगेच पालथा ठेवला. "आबाजी, काहून असे घाबरून राहिले? दिवाच तं हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. चाळीस वर्षं मी हेच म्हणत आलो आहे.

चर्चच्या छब्यांची शर्यत आपल्या घराला नवी नाही, हे त्या पोराला ठाऊक नाही. त्या वर्षी अमेरिकेत लढाई चालली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. माळ्यांनीसुद्धा वांगी-मिरच्या उपटून कापूस पेरला. तू तेवढी झेंडूवर अडून बसलीस. सकाळी टोपलीत फुलं आणि वळलेल्या वाती घेऊन निघायचीस, आधी देवळापुढे, मग छावणीतल्या चर्चपुढे. "देव कोनाचा का असंना, त्याले अंधारात नोको बसवू," म्हणायचीस. एका जुडीत एकवीस वाती, त्यात कधी चूक नाही. मी चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, आणि मातीत हात घालायचा कंटाळा. मुंबईहून आलेल्या एका छबीवाल्याकडे कामाला लागलो. त्यानेच मला काचांवर नावं घालण्यापुरतं लिहायला शिकवलं. पादऱ्यांना या भागातल्या सगळ्या चर्चच्या छब्या पावसाळ्याआधी हव्या होत्या, आणि नागपूरचा आणखी एक छबीवाला त्याच कामाच्या मागे होता. जो पुऱ्या छब्या आधी देईल, त्याचं काम. मालकाला जेवायलाही सवड नसे.

तेव्हा छबी काचेवर उठायची, आणि काचेवर ओतायचा रस कापसापासून व्हायचा. पिंजलेला कापूस तेजाबात बुडवायचा, पुष्कळ धुवायचा, सावलीत वाळवायचा. वाळला की तो कापसासारखा कापूस दिसे, थोडा जास्तच पांढरा. पहिल्याच दिवशी मालकाने त्यातला चिमूटभर तळहातावर ठेवून त्याला निखारा लावला. भक्कन जाळ झाला आणि हात रिकामा. धूर नाही, राख नाही. "ये रुई नहीं है," तो म्हणाला. "चुटकी थी, इसलिए हाथ बचा." त्याला डावी भुवई नव्हती. ती कशी गेली, हे मी कधी विचारलं नाही.

छावणीत गाड्या आणि गठ्ठे यांनी पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्या कापसाची टोपली मी आपल्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगली. तू चुलीपुढून मान वर करून पाहिलंस.

"काहून रे, एवढा चांगला कापूस वर टांगला?"

"सायबाचा हाय. त्याले हात नोको लावू."

एवढंच बोललो. कशासाठी, ते सांगितलं असतं तर तू टोपली विहिरीत टाकली असतीस आणि मला कामावर जाऊ दिलं नसतंस.

अकोल्याची छबी झाली. घरी एक मुक्काम करून सकाळी दमणी जुंपली, कारण अचलपूरच्या छावणीतलं शेवटचं चर्च उरलं होतं. ते चर्च अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पांढरी भिंत, कडक ऊन, आणि दाराची उंची कळावी म्हणून मला पायरीवर उभं केलेलं. मालक कॅमेऱ्याचं झाकण काढतो, आकडे मोजतो, मी पुतळ्यासारखं उभं राहायचं. "तू हिल गया!" तो ओरडतो. काच फुकट. दुसरी काच लावली, तीही फुकट. शेवटी त्याने मला बाजूला ढकलून तिथल्या रखवालदाराला उभं केलं.

चौथ्या दिवशी घरी आलो आणि टोपलीकडे बोट दाखवून तुला विचारलं. तू हसलीस. "मूठभर घेतला रे. एक जुडी झाली. गिरजात देऊन आली." मग मी सांगितलं, तो कापूस काय आहे ते. तू लगेच चर्चकडे निघालीस. "तू येऊ नोको. तुही नोकरी जाईन." चर्चच्या म्हाताऱ्या राखणदाराने जुन्या वाती संपेपर्यंत नवी जुडी दिव्याखालच्या डब्यात ठेवली होती. दिलेल्या वाती परत कशाला नेतेस, असं त्याने चारचौघांत विचारलं. कारण सांगणं म्हणजे माझं नाव घेणं. तू म्हणालीस, "बदलून देतो." पुन्हा या दारात उभी राहू नको, असं त्याने बजावलं, आणि तू राहिली नाहीस.

जुडी घरी आणून, उंबऱ्यावर बसून तू वाती मोजल्यास. वीस. पुन्हा मोजल्यास. वीस. वाटेवरची धूळ चाळलीस, टोपली झटकलीस. "एक कुठं तरी हाय," म्हणालीस, आणि वीस वाती भिजवून झेंडूच्या वाफ्यात पुरल्यास. त्या दिवसापासून आपल्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही. सूर्य मावळायच्या आत तू जेवून घ्यायचीस आणि मग काळोखात बसून राहायचीस. कुणाच्या घरी दिवा लावत असले की उठून अंगणात जायचीस. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. अकरा वर्षं, माय. शेवटच्या संध्याकाळी सुनेने दिवा आणला, तर तू हात वर केलास. "आदी वात पाहून घे." त्यानंतर तू बोलली नाहीस.

पोरगा उद्या अचलपूरला निघतो आहे. त्याच पायरीवर मित्राला उभं करून फोटो काढीन, म्हणतो. म्हणून आज उजेड आहे तोवर हे लिहून टाकतो.

अचलपूरला निघालो त्या सकाळी मला भिंतीतल्या देवळीत एक जुडी दिसली. फार पांढरी होती. मी तिच्यातली एक वात ओढून घेतली, परसात गेलो आणि तिला निखारा लावला. भक्कन गेली. धावत घरात आलो, तोवर जुडी उचलून तू निघाली होतीस. रस्त्याच्या वळणावर होतीस, डोक्यावर टोपली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दमणी दारात उभी होती, मालक घाई करत होता, एकच चर्च उरलं होतं. मी दमणीत चढलो.

नंतर तू मोजत बसलीस तेव्हा एकविसावी वात कुठे आहे हे सांगायचं, तर ती सकाळ सांगावी लागली असती. मी नाही सांगितली. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहायची हिंमत झाली.