राजधानीतली तुरपाई

तीर्थरूप दादांना,

वाकून नमस्कार करतो. (खोटं कशाला सांगू, राजधानीहून आल्यापासून पाठ अशी धरली आहे की मी वाकलेलाच असतो, नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? वहिनींचा खोकला थांबला का? गेल्या वेळी शिवून पाठवलेली पँट कमरेत होते ना? होत नसेल तर माप मी बरोबर घेतलं होतं, वाढ नंतरची आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही थोरले मेहुणे, तुमच्यापासून काय लपवायचं? क्षेम नाही. तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही. म्हणजे जेवायला वाढलंय, गिऱ्हाईक आलंय, एवढं बोलते. पण राजवाड्याचं नाव काढलं की गप्प.

हे राजवाड्याचं वेड तुमच्याच घरून आलंय. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे म्हणे एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर राजवाड्यातला मोठा दिवाणखाना होता, आणि त्यातली कुठली खुर्ची कुणाची यावरून तुम्ही दोघं भावंडं भांडायचात. लग्न झाल्यापासून त्या खुर्च्या मला ऐकून पाठ आहेत. आणि लग्न झाल्यापासून मी 'या हंगामानंतर नक्की' म्हणत आलो. (गिऱ्हाइकाला 'परवा नक्की' आणि बायकोला 'हंगामानंतर नक्की', हे आमच्या धंद्यात कात्रीइतकंच लागतं.) शेवटी या वेळी मीच दुकानाला कुलूप घातलं आणि शनिवार-रविवार राजधानी बघायला निघालो. किती खुशीत होती ती, दादा! ते आठवलं की जास्तच वाईट वाटतं.

शनिवारी पुतळे बघितले. सगळ्यांचे कोट खांद्यात चुकलेत (दगडात कोरला म्हणून काय झालं, खांदा तो खांदा), आणि हे मी प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून बोलून दाखवलं. तिने निमूट ऐकून घेतलं, कारण रविवारी राजवाडा होता.

रविवारी रांगेत उभे होतो. फाटकापाशी एक उंच पहारेकरी, त्याने ना बोलायचं, ना हलायचं, असा तिथला नियम. लोक त्याच्या टोपीचे फोटो काढत होते. माझी नजर गेली पायाकडे. पँटच्या डाव्या पायाची दुमड उसवली होती आणि दोरा लोंबत होता! आज सुट्टी आहे, असं मी स्वतःला बजावलं. पण तुम्ही दातांचे डॉक्टर, लग्नाच्या पंगतीतही तुमचं लक्ष लोकांच्या दाढांकडे असतं. तुम्ही तरी मला समजून घ्याल. माझ्या कॉलरमध्ये सुई दोऱ्यासकट टोचलेली असतेच. तुमच्या बहिणीला 'आलोच' म्हणालो, दोरखंडाखालून पलीकडे गेलो आणि त्याच्या पायाशी बैठक मारली. बिचारा डोळे गरगरा फिरवत होता, पण तोंडातून शब्द नाही. असं गुणी गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

तुरपाई संपत आली आणि बिगूल वाजला. पहारा बदलायची वेळ! तो टाचा जुळवून वळला आणि चालू लागला, आणि त्याच्यामागे सुई धरून मी. सोडून द्यायची होती, असं तुम्ही म्हणाल. पण गाठ मारायच्या आत सोडलं तर केलेलं सगळं निघून येतं, आणि दोरा आपोआप तुटेल म्हणावं तर मी हलका दोरा वापरत नाही. असा मी राजधानीच्या चौकात बँडच्या तालावर रांगत गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.)

मला पहाऱ्याच्या खोलीत नेलं. तिथला मिशाळ प्रमुख आधी माझ्यावर गरजला, मग ती दुमड उलटी करून टाके बघत राहिला. त्यांचा शिंपी म्हणे निवृत्त झाला आणि नवा नेमायचं वरून ठरत नाही. मग त्याने हळूच स्वतःचा कोट काढून माझ्यापुढे ठेवला, काखेत फाटलेला. मागे बघतो तर सगळी पलटण हातात कपडे घेऊन दाराशी उभी. नाही म्हणायला हवं होतं, दादा. तेव्हाही कळत होतं. पण कुणी माझ्या टाक्यांचं कौतुक केलं की माझी अक्कल घडी करून कपाटात जाते. तू आत जाऊन बघून ये, मी आलोच, असा निरोप मी तुमच्या बहिणीला धाडला. शेवटचं बटण लावून बाहेर आलो तेव्हा राजवाडा बंद झाला होता, आणि ती मांडीवर पिशवी घेऊन समोरच्या बाकावर बसली होती. लगेच परतीची गाडी गाठायची होती.

मी विचारलं, कसा होता दिवाणखाना? म्हणाली, छान होता. बस्स. शेजारणीचे नवे पडदे जी बाई मला आठवडाभर सांगते, तिने दिवाणखाना दोन शब्दांत उरकला. गाडीत विचारलं, घरी विचारलं, छान होता. मला तो बघायला मिळाला नाही याचं काही नाही हो. पण तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तिचं तोंड कसं झालं असेल, ते बघायला मी शेजारी हवा होतो. ते काही आता परत मिळायचं नाही. फार चुकलं माझं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, तुरपाईत पक्का आणि बाकी सगळ्यात कच्चा,
मेहुणा

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. तुम्ही तिला सहज विचारल्यासारखं विचारा, की आत काय काय बघितलंस, आणि ती सांगेल ते सगळं मला सविस्तर कळवा. तुमच्यापाशी ती मोकळेपणाने बोलेल. मी विचारायला सांगितलं हे मात्र कळू देऊ नका.

आणखी ता. क. – पाठीमुळे मला पेटीपर्यंत जाववत नाही, म्हणून पत्र टाकायला तिच्याकडेच देतो आहे. पाकीट घट्ट चिकटवणार आहे, काळजी नसावी.

दादा, हे खालचं मी लिहितेय. पाकीट ह्यांनी घट्टच चिकटवलं होतं, पण मी शिंप्याची बायको, उसवता मलाही येतं. अरे, मी आत गेलेच नव्हते. एकटीने जायला पायच उचलेना. बाकावर बसून पहाऱ्याच्या खोलीच्या खिडकीतून ह्यांचं वाकलेलं डोकं बघत राहिले. खरं सांगितलं असतं तर ह्यांनी जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. तेव्हा आता तूच काहीतरी रचून ह्यांना कळव. झुंबरं घाल, गालिचे घाल, भरपूर घाल. नुसतं 'छान होता' लिहू नकोस, ते मी सांगून झालंय.