फ्रीजरमधल्या बुशासाठी शुक्रवारची वीज

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता,
वीज वितरण कार्यालय, वसई.

विषय : शुक्रवारी आमच्या घराची वीज बंद न ठेवण्याबाबत. कारण, फ्रीजरमधील बुश.

संदर्भ : १) देखभालीसाठी शुक्रवारी दिवसभर वीज बंद राहील, ही आपली सूचना.
२) खिडकीवर मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार वसईतील होळी या भागात आईवडिलांच्या घरी राहते. वडील श्री. पांडुरंग वर्तक बोटींची इंजिने दुरुस्त करतात. दिवाळीनंतरच्या रविवारी ते अंगणात त्यांचे गिऱ्हाईक रॉबर्ट यांच्या बोटीचा ड्राइव्ह, म्हणजे बोटीमागे पाण्यात राहणारा गिअर-पंख्याचा भाग, उघडून बसले होते. गिअर बदलणारा दांडा ज्या भोकातून जातो तेथला बुश, म्हणजे भोकात घट्ट बसणारी छोटी नळी, झिजला होता व सीलमधून पाणी शिरत होते. नवा पितळी बुश गारठला की केसभर आकसतो आणि भोकात सरळ उतरतो. म्हणून त्यांनी तो फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवला. "दोन सील. एक तेल आत राखतो, दुसरा पाणी बाहेर. भांडलेल्या नवराबायकोसारखे पाठीला पाठ लावून बसवायचे," असे ते म्हणाले. त्यावर आई, सौ. मालन, "म्हणून तर घर कोरडं राहतं," असे म्हणाल्या. "जेवून बसवू. तू बॅटरी धर," असे सांगून वडील हात धुवायला गेले आणि मोरीपाशी कोसळले. रुग्णालयात डॉक्टरांनी जे सांगितले ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

बुश तेव्हापासून फ्रीजरमध्ये आहे. बर्फ दाराबाहेर येऊ लागला आहे, तरी आई फ्रीज साफ करीत नाहीत. रॉबर्ट यांची तक्रार नाही. "घाई नाय बाय, बोट काय पळून जाते?" एवढेच ते म्हणतात.

खिडकीवरील श्री. जितेश यांनी सौजन्याने विचारले, "औषध आहे का? औषधासाठी साहेबांशी बोलता येईल." पितळ आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "ताई, पितळ नासत नाही. वीज आली की परत गार होईल." हे तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. परंतु परत गार झालेला बुश वडिलांनी ठेवलेला राहणार नाही.

अर्जदाराने बर्फाच्या कारखान्यातही चौकशी केली. ते बुश सुरमईच्या पेटीत ठेवण्यास तयार आहेत, मात्र तो सुरमईबरोबर बाजारात जाणार नाही याची हमी देत नाहीत. आई शुक्रवारभर फ्रीजला गोधडी लपेटून, पाठ टेकून बसण्यास तयार आहेत. ते अर्जदारास योग्य वाटत नाही.

शेवटी श्री. जितेश म्हणाले, "मीटर वडिलांच्या नावावर आहे ना? मग सही त्यांची लागेल. त्यांनाच पाठवा." अर्जदार म्हणाली, "उद्या पाठवते."

आमच्या घरी प्रत्येक अर्ज देण्याआधी मोठ्याने वाचला जातो. जीभ अडखळेल तिथे खोटं असतं, असे वडिलांचे मत. हा अर्ज आज आईसमोर वाचताना मी "दुरुस्त करतात" येथे अडखळले. तिथेच थांबून म्हणाले, "आई, बाबा गेले."

आई "हो गं" म्हणाली आणि उठून तिने फ्रीजर उघडला.

सबब शुक्रवारी वीज बंद ठेवण्यास हरकत नाही. बुश आजच बसवत आहोत. मीटर मात्र श्रीमती मालन यांच्या नावे करून द्यावे, ही विनंती.

आपली,
क्षितिजा पांडुरंग वर्तक
होळी, वसई
दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. (खिडकीवर आले तेव्हाही पर्समध्ये होती.)