मी पाहिलेलं पॅरिस वगैरे

४ सप्टेंबर, कोइम्ब्रा, पोर्तुगाल

पोचलो. इथल्या विद्यापीठात एक सत्र. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. उत्तम. व्यायाम होईल.

संकल्प : ख्रिसमसपर्यंत बारा देश. पोर्तुगीज महिनाअखेर अस्खलित. ही रोजनिशी ऑक्टोबरपासून पोर्तुगीजमध्येच. रोज पहाटे नदीकाठी धावणे.

निघताना डुलूथच्या एअरपोर्टवर बाबा एवढंच म्हणाले, जपून जा, बघण्यासारखं काही दिसलं तर कळव. बाबा मिनेसोटाच्या बाहेर फारसे गेलेलेच नाहीत. सरोवराकाठी आमचं गळ, दोऱ्या आणि आमिषाचं दुकान. आई गेल्यापासून बोलणंही दुकानापुरतंच. त्यांच्या वाटचं जग आता मलाच बघावं लागणार. जबाबदारी मोठी आहे, पण माझ्यात ते आहे.

५ सप्टेंबर

धावणं सोमवारपासून. लांबच्या प्रवासानंतर शरीराला विश्रांती हवी.

घरमालकीण दोना एर्मेलिंडा. इथे बाईमाणसाला मानाने दोना म्हणतात. साठीच्या पुढच्या, विधवा, बुटक्या, आवाज खणखणीत. दुसरी भाडेकरू किंगा. पोलंडची, कायदा शिकते. तिने विचारलं, तुला पोर्तुगीज येतं का. म्हटलं, बऱ्यापैकी, अ‍ॅपवर अख्खा कोर्स केलाय. तेवढ्यात दोना एर्मेलिंडा काहीतरी म्हणाल्या. मी हसून म्हटलं, हो, नक्की, आनंदाने.

किंगा म्हणाली, त्या विचारतायत की दाराची चावी कुठे ठेवलीस.

१८ सप्टेंबर

भाषेची प्रगती समाधानकारक. दोना एर्मेलिंडांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मला आजी म्हण. तेव्हापासून मी त्यांना पोर्तुगीजमध्ये आजी अशीच हाक मारतो. त्या दर वेळी मनापासून हसतात. कधीकधी टेबल धरून. माझ्या येण्याने घरात चैतन्य आलंय.

२१ सप्टेंबर

किंगाशी बोलणं झालं. इथे आजी आणि आजोबा या शब्दांत फक्त शेवटच्या ओचा फरक आहे म्हणे. तोंड मोकळं उघडलं की आजी, ओठ आवळले की आजोबा. मी ओठ आवळतो. म्हणजे आल्यापासून मी त्या बाईंना आजोबा म्हणतोय.

तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, त्यांनीच सांगू नको म्हटलं. नवरा गेल्यापासून इतक्या हसल्या नव्हत्या म्हणे.

थोडक्यात, मी समाजकार्य करत होतो.

११ ऑक्टोबर

उद्या पॅरिस. किंगा, तिच्या दोन मैत्रिणी आणि मी. पोर्तोपर्यंत ट्रेन, तिथून विमान. किंगा म्हणाली, स्टेशनवर सगळे बरोबरच जाऊ. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी वेळेवर येतो. मला आता हे गाव पाठ आहे.

१२ ऑक्टोबर

कोइम्ब्राला दोन स्टेशनं आहेत. लांबच्या गाड्या गावाबाहेरच्या स्टेशनातून सुटतात. मी गावातल्या स्टेशनात होतो. इतकी महत्त्वाची गोष्ट निदान भिंतीवर तरी लिहायला हवी.

(लिहिलेली आहे. पोर्तुगीजमध्ये.)

किंगाचा फोन आला. म्हणाली, वेंडेल, पुढची गाडी पकडलीस तरी विमान मिळणार नाही, घरी जा आणि काहीतरी खा. म्हटलं, तसंही सकाळपासून पोट बरं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

बाबांचा रविवारचा फोन. कसं आहे पॅरिस, म्हणाले.

खरं सांगणारच होतो. पण पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाबा फोनवर कधी बसत नाहीत, उभ्याउभ्या बोलतात. माणूस खुर्ची ओढून ऐकायला बसल्यावर त्याला दोन स्टेशनांची गोष्ट काय सांगायची?

म्हटलं, छान आहे. मग नदी सांगितली. पूल सांगितले. एका कोपऱ्यावरचा कॅफे सांगितला, पिवळ्या पडद्यांचा, मालकाचं मांजर काउंटरवर झोपलेलं. बाबा म्हणाले, तुझ्या आईला आवडलं असतं. 

हे काही खोटं नव्हे. एवढ्या मोठ्या शहरात असा कॅफे असणारच.

१५ ऑक्टोबर

किंगाचे फोटो पाहिले. गर्दी फार. पॅरिस ओव्हररेटेड आहे.

२ नोव्हेंबर

स्पेन झालं.

सालामांकाच्या बसने निघालो होतो. सरहद्द ओलांडल्यावर बस थांबली. उतरलो, टॉयलेटमधून बाहेर आलो, तर बस नव्हती. मग दिवसभर स्पेनमध्येच होतो. एक पेट्रोल पंप, एक कुत्रा, हॅम घातलेला पाव. संध्याकाळी एका ट्रकवाल्याने परत आणून सोडलं. वाटेत तो खूप बोलला. मी हो, नक्की, आनंदाने म्हणत होतो.

खरं स्पेन हेच. शहरांत काय, नुसते टुरिस्ट.

एकूण देश : दोन. पोर्तुगाल धरून.

१० नोव्हेंबर

बाबांना सालामांका सांगितलं. विद्यापीठाची सोनेरी दगडाची इमारत, उन्हात बसलेली मुलं. वर्णन आता हात घातला की जमतं. बाबा मध्ये प्रश्नही विचारतात. तिथे नदीत मासे कुठले, वगैरे. पुढच्या रविवारी रोम करावं म्हणतो.

धावणं डिसेंबरपासून. एकदम नव्या महिन्यात सुरू केलेलं बरं.

२४ नोव्हेंबर

या घरात हीटिंग नावाची गोष्ट नाही. बाहेरच्यापेक्षा आत गार. भिंती गार, चादर गार, साबण गार. आमच्या घरी उणे तीसला मी टी-शर्टवर असतो.

अडचण वेगळीच आहे. पहिल्याच आठवड्यात मी किंगाला सांगून ठेवलंय की आमच्याकडे तळी गोठतात आणि त्यावरून आम्ही ट्रक नेतो, इथल्या थंडीला आम्ही थंडी म्हणतच नाही. त्यामुळे घरात टोपी घालता येत नाही. जेवताना किंगा म्हणाली, वेंडेल, तुझे ओठ निळे पडलेत. म्हटलं, दिव्याचा रंग आहे. म्हणाली, दिवा बंद आहे.

झोपायला गेलो तर पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. दोना एर्मेलिंडांचं काम. परत करणार होतो, पण त्यांचा अपमान झाला असता.

जेवायला परत सुकवलेला कॉड मासा. आठवडाभर घराला तो वास. मी त्यांना सांगितलंय की मासे मला डॉक्टरांनी वर्ज्य केलेत. मासेमारीच्या दुकानदाराचा मुलगा असल्याचं सांगण्याच्या आत हे सांगून टाकलं, ते एक बरं झालं. बाबांना मात्र इथलं जेवण मी आत्मसात केल्याचं कळवलंय. सूप तरी केलंय.

३० नोव्हेंबर

बाबा येतायत.

आधी काही बोलले नाहीत. पासपोर्ट काढला, तिकीट काढलं, मग फोन केला. लोइस आत्या दुकान बघेल म्हणाले. मी विचारलं, असं एकाएकी? म्हणाले, तू इतकं सांगितलंस, वाटलं एकदा बघावं.

थोडा वेळ घाम आला. या घरात पहिल्यांदाच.

मग विचार केला, हे तर फारच चांगलं. पॅरिस, सालामांका, रोम, असा दौरा आखायचा. बाबांचं बघून होईल, माझंही होईल, आणि मागची सगळी वर्णनं खरी ठरतील. माझ्यासारखा वाटाड्या असताना त्यांना काळजी नाही.

१६ डिसेंबर

बाबा आले. मी बॅग घेऊन पुढे, ते मागे. वर पोचून पाहतो तर ते मधल्या जिन्यात थांबलेले. दम लागला का विचारलं. म्हणाले, कॉड शिजतोय. आणि डोळे मिटून तिथेच उभे राहिले.

त्यांच्या आजीकडे ख्रिसमसला नॉर्वेहून आलेला असाच सुका कॉड शिजायचा. ती गेल्यावर घरात कोणी केला नाही. हे मला माहीत नव्हतं. मी दोना एर्मेलिंडांना भाषांतर करून सांगितलं. त्यांनी गडबडीने खिडकी उघडली आणि माफी मागितली. मग किंगाने सांगितलं. त्यांनी खिडकी लावली आणि बाबांसमोर ताट ठेवलं.

बाबांनी तीनदा घेतलं. टोपी डोक्यावर तशीच. म्हणाले, घरात फार थंडी आहे. असं सरळ म्हणाले. किंगाने भाषांतर केल्यावर दोना एर्मेलिंडांनी टेबलावर हात मारला. म्हणाल्या, नवऱ्याला आयुष्यभर हेच सांगत आले, शेवटी एक शहाणा माणूस भेटला. आणि स्वतःही जाऊन टोपी घालून आल्या.

मग मीही घातली. पाहुण्यांच्या मानासाठी.

१८ डिसेंबर

नाश्त्याला दौऱ्याचा पूर्ण कार्यक्रम मांडला. नकाशासकट. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, पॅरिस तू पाहिलंयस. रोमही पाहिलंस. मला दाखवायला म्हणून परत कशाला तंगडतोड करतोस?

म्हटलं, पॅरिस कितीही वेळा बघता येतं.

म्हणाले, नको रे. तू इतकं नीट सांगितलंस की माझं बघून झाल्यासारखंच आहे. इथेच राहू या, बरं वाटतंय.

दुपारी नकाशाची घडी घातली. 

२० डिसेंबर

बाबा रोज सकाळी दोना एर्मेलिंडांबरोबर मासळीबाजारात जातात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. बाबा माशाचे कल्ले उघडून दाखवतात, त्या मान हलवतात, मग दोघंही नापसंतीने पुढच्या गाळ्याकडे जातात. आज मी दुभाषा म्हणून गेलो. पहिलंच वाक्य भाषांतर करायला लागलो तर दोना एर्मेलिंडा म्हणाल्या, बाळा, तू पिशव्या धर.

किंगा उद्या पोलंडला. निरोप घेताना म्हणाली, तुझे बाबा मस्त आहेत. आमच्यात साम्य आहे असं सगळे म्हणतात, असं मी सांगितलं. म्हणाली, असेल, नाकात.

२४ डिसेंबर

ख्रिसमसचं जेवण. कॉड, बटाटे, कोबी. जेवल्यावर बाबा आईबद्दल बोलायला लागले. इंग्रजीत. ती तळ्यावर मोठ्याने गायची आणि मासे पळून जायचे, ते. दोना एर्मेलिंडा त्यांच्या नवऱ्याबद्दल सांगत होत्या. पोर्तुगीजमध्ये. मी इकडचं तिकडे करत होतो. मग लक्षात आलं, माझ्याकडे कोणी बघतच नाहीये. दोना एर्मेलिंडांनी माझ्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखा, म्हणजे गप्प बस.

आईच्या गाण्याबद्दल बाबा माझ्यापाशी कधी बोलले नव्हते.

कॉड खाल्ला. वाईट नव्हता.

२९ डिसेंबर

जेवणानंतर बाबा भांडी धूत होते, मी पुसत होतो. म्हणाले, मार्चपर्यंत थांबावं म्हणतो.

विचारलं, कुठे?

म्हणाले, इथेच. तुझी खोली रिकामी होतेय. दोना एर्मेलिंडांना विचारलंय.

कुठल्या भाषेत, विचारलं. त्यांनी वाक्य म्हणून दाखवलं. चार शब्द. चुकीचं वाटलं नाही. आतून दोना एर्मेलिंडांनी हो म्हटलं, त्यांना वाटलं परत विचारतायत.

म्हटलं, आणि दुकान? म्हणाले, लोइस आहे. कॉलेज सुटल्यावर तू आहेस. मी म्हटलं, बाबा, तुम्ही इथे एकटे काय करणार? तर त्यांनी पुढचं ताट धुवायला घेतलं.

मग म्हणाले, तो पिवळ्या पडद्यांचा कॅफे आहे ना तुझा. लग्नाआधी मीही तुझ्या आईला असाच एक सांगायचो, पॅरिसमधला. माझ्या कॅफेत मांजर नव्हतं. मांजर तू छान घातलंस.

काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

कळलं. ताट पुसत राहिलो. बराच वेळ एकच ताट पुसत होतो. बाबांनी ते हातातून काढून घेतलं आणि दुसरं दिलं.

१८ जानेवारी, डुलूथ

उणे सत्तावीस. दुकानात हीटर जोरात. बर्फातल्या मासेमारीचा सीझन, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. धावणं बर्फ वितळल्यावर.

सकाळी बाबांचा फोन होता. समुद्राकाठच्या एका गावी जाऊन आले, घराएवढ्या लाटा बघितल्या. पुढच्या आठवड्यात ट्रेनने पॅरिस, दोना एर्मेलिंडांची बहीण राहते तिथे. मी म्हटलं, स्टेशन नीट बघून जा. म्हणाले, हो, दोन आहेत, तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

दुपारी आर्ने पेडरसन आले. दर शनिवारी येतात, जिवंत आमिष न्यायला. बाबांची चौकशी केली. युरोपात आहेत म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, नशीब काढलं. त्याला पहिल्यापासून हौस असणार हिंडायची, बोलायचा नाही एवढंच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तू मात्र घरकोंबडाच राहिलास, पोरा. या वयात जरा बाहेर पडावं. जग बघावं.

सांगणार होतो. पण मागे दोघं तिघं खोळंबले होते. जाळीने टाकीतले मासे काढले, पिशवीत पाणी घातलं, गाठ मारली.

म्हटलं, बघतो, उन्हाळ्यात जमलं तर.